लक्ष जाते कोठे?

आज आधी एक लहानसा प्रयोग करू आणि मग बोलू. एक कागद, एक पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या. फोनमधले घड्याळ नको. ते का नको, हे पुढे ध्यानात येईलच. वेळ मोजायला धाकट्या भावाला किंवा बहिणीला शेजारी बसवा.

'क' पासून 'म' पर्यंतची पंचवीस व्यंजने एका ओळीत लिहा. क, ख, ग, घ, ङ अशी. ती संपताच न थांबता १ ते २५ हे आकडे लिहा. दोन्हींना मिळून किती सेकंद लागले ते टिपून ठेवा. आता कागद उलटा आणि तीच पन्नास चिन्हे पुन्हा लिहा; मात्र या वेळी आलटून पालटून. क, १, ख, २, ग, ३ असे शेवटपर्यंत. पुन्हा वेळ टिपा.

चिन्हे तीच, हात तोच, पेन्सिल तीच. तरीही दुसऱ्या खेपेस वेळ अधिक लागतो. 'झ' च्या आसपास हात अडखळतो. 'ञ' झाला की नाही याचा विचार करावा लागतो आणि तोवर आकडा कोणता चालला होता हे निसटते. काहींचा एखादा आकडा गळतो, काहींचे एखादे अक्षर दोनदा येते. कोणी म्हणेल, दुसऱ्या खेपेपर्यंत हात दमला असेल. शंका रास्त आहे. म्हणून वर्गात हा प्रयोग करताना निम्म्या मुलांनी आधी आलटून पालटून लिहावे आणि निम्म्यांनी मागाहून. वाढीव वेळ तरीही त्या आलटून पालटून लिहिण्याच्याच खात्यावर पडतो, असे तुम्हाला दिसेल.

आर्थर जर्सिल्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली याच जातीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लोकांना संख्यांच्या याद्या दिल्या. एका यादीतील प्रत्येक संख्येत एक ठरावीक आकडा मिळवायचा. दुसरीतील प्रत्येक संख्येतून एक ठरावीक आकडा वजा करायचा. तिसऱ्या यादीत मात्र एकदा मिळवायचे, एकदा वजा करायचे. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही सर्वांना उत्तम येत होत्या, पण तिसऱ्या यादीला वेळ जास्त लागला. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना मेंदूला पहिल्या कामाचे नियम बाजूला ठेवावे लागतात आणि दुसऱ्याचे हाताशी घ्यावे लागतात. ही उचलठेव फुकट होत नाही. प्रत्येक वेळी तिला थोडा वेळ पडतो आणि थोड्या चुकाही पडतात.

'मी एका वेळी दोन कामे करतो' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ जण तुम्हाला भेटतील. चालता चालता गप्पा मारणे जमते, कारण चालण्याचे काम आता लक्ष मागत नाही. पण भूमितीची सिद्धता आणि मैत्रिणीचा निरोप ही दोन्ही कामे भाषेची आणि विचाराची आहेत. ती एकाच वेळी होत नाहीत, ती आलटून पालटून होतात. क, १, ख, २, तसेच हे.

लक्ष, किंवा मानसशास्त्राच्या पुस्तकात ज्याला अवधान म्हणतात ते, आपल्या मालकीचे आहे असे आपण धरून चालतो. ते निम्मेच खरे आहे. काही वेळा आपण ते मुद्दाम एखाद्या गोष्टीकडे नेतो; उदाहरणार्थ, या क्षणी तुम्ही ते या ओळींकडे नेलेले आहे. काही वेळा मात्र बाहेरची गोष्ट ते ओढून नेते. मागे भांडे पडले तर मान वळते आणि मान वळल्यावर आपल्याला कळते की ती वळली. जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना पाचोळा वाजला की तिकडे आधी पाहणे आणि विचार नंतर करणे हेच श्रेयस्कर होते. ती यंत्रणा आजही आपल्या डोक्यात जशीच्या तशी आहे.

त्यातही स्वतःसंबंधी काही असेल तर ती यंत्रणा अधिक जागी होते. लग्नघरातील कलकलाटात शेजारच्या घोळक्यात काय चालले आहे ते आपल्याला ऐकू येत नसते. पण तेथे कोणी आपले नाव उच्चारले तर कान टवकारतात. नेव्हिल मोरे या संशोधकाने १९५९ साली हे प्रयोगशाळेत तपासले. ऐकणाऱ्याच्या एका कानात एक मजकूर आणि दुसऱ्या कानात दुसरा मजकूर असे सोडले आणि पहिल्याकडेच लक्ष देण्यास सांगितले. दुसऱ्या कानातले जवळजवळ काहीच कोणाच्या लक्षात राहिले नाही. मात्र त्यात स्वतःचे नाव आले तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांना ते कळले.

आता फोनचा 'टिंग' आवाज घ्या. तो अचानक येतो, म्हणजे पाचोळा वाजण्यासारखा. आणि तो तुमच्यासाठी असतो, म्हणजे नाव उच्चारण्यासारखा. दोन्ही गुण एकाच आवाजात. शेजाऱ्याच्या फोनचा आवाज तुम्हाला तितका हलवत नाही, हे तुम्ही पाहिले असेल.

'पण मी फोन उचलतच नाही, नुसता वाजू देतो' असे म्हणाल, तर त्याचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर लागोपाठ येणारे आकडे पाहून कळ दाबण्याचे कंटाळवाणे काम दिले होते. एक ठरावीक आकडा आला की मात्र दाबायचे नाही. काम मध्यावर आले असता काहींच्या फोनवर, त्यांना कल्पना न देता, फोन किंवा निरोप पाठवण्यात आले. ज्यांच्याकडे असे काही आले त्यांच्या चुका, ज्यांच्याकडे काही आले नाही त्यांच्यापेक्षा अधिक वाढल्या. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. आवाज संपला तरी 'कोणाचा असेल?' हा प्रश्न मागे उरतो, आणि तोही लक्षाचा वाटा मागतो.

न वाजताही हात का जातो?

येथवरचे दोष आवाजाचे झाले. आवाज बंद करता येतो. पण तुम्ही प्रामाणिकपणे स्वतःकडे पाहिलेत तर एक चमत्कारिक गोष्ट आढळेल. पुष्कळ वेळा फोन वाजलेला नसतो, तरी हात त्याच्याकडे जातो. गणित अडले, हात गेला. पाणी प्यायला उठलो, येताना फोन हातात. हे का?

याचे एक उत्तर कबुतरांनी दिले आहे. बी. एफ. स्किनर हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कबुतरांना एका पेटीत ठेवी. भिंतीवरील चकतीवर चोच मारली की दाणे मिळत. (हाच स्किनर दुसऱ्या महायुद्धात कबुतरांकडून क्षेपणास्त्राला दिशा देण्याच्या खटपटीत होता. कबुतरे तयार झाली, पण लष्कराने त्यांना कामावर घेतले नाही. असो.) प्रत्येक चोचीला दाणे मिळाले, तर पोट भरल्यावर कबुतर स्वस्थ बसे. ठरावीक टोच्यांनंतर दाणे मिळाले, तर दाणे खाऊन झाल्यावर ते थोडी विश्रांती घेई. पण दाणे कधी तिसऱ्या टोच्याला, कधी विसाव्याला, कधी लागोपाठ दोनदा असे अनिश्चितपणे मिळू लागले, तेव्हा मात्र कबुतर न थांबता चोच मारत राही. पुढे दाणे अजिबात बंद केले तरी ते फार वेळ आशा सोडत नसे. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली या निरीक्षणांचा मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. या प्रकाराला परिवर्तनीय प्रबलन म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. खाडीवर गळ टाकून बसलेला माणूस पाहा. दर पाच मिनिटांनी हमखास मासा मिळाला असता तर तो तासाभरात घरी गेला असता. कधी मिळेल हे ठाऊक नाही म्हणूनच तो उठत नाही.

फोन उघडल्यावर दहापैकी सात वेळा काहीच नवे नसते. दोनदा काही तरी फुटकळ असते. एकदा मात्र खरोखर आनंदाची गोष्ट असते. मित्राचा निरोप, आपण टाकलेल्या छायाचित्राला मिळालेली दाद. ती एकदा नेमकी केव्हा, हे आधी सांगता येत नाही. (सात, दोन आणि एक हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. तुमचे खरे आकडे तुम्ही स्वतः मोजाल.)

दुसरे उत्तर माकडांच्या मेंदूतून मिळाले. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूतील, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या चेतापेशींचे विद्युत्संकेत नोंदवीत होते. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की या पेशी जोराने संकेत देत. मग रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवण्यास सुरुवात केली. काही दिवसांनी असे दिसले की पेशी आता रसाला नव्हे, तर खुणेला संकेत देत आहेत. रस मिळाला तेव्हा विशेष काही घडत नव्हते. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या वेळी पेशींचे संकेत नेहमीपेक्षाही कमी होत. म्हणजे या पेशी सुख मोजत नव्हत्या. अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले की कमी, हे त्या मोजत होत्या. हा निष्कर्ष १९९७ साली मांडला गेला. २००३ साली याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. खुणेनंतर रस मिळेल की नाही याची शक्यता निम्मी निम्मी असेल, तर खूण आणि रस यांच्या मधल्या वेळात यांपैकी अनेक पेशींचे संकेत हळूहळू चढत जातात.

पडद्याच्या कोपऱ्यातला तो लाल ठिपका म्हणजे अशीच एक खूण आहे. मजा निरोपात असेल नसेल, ओढ ठिपक्यापाशीच सुरू होते.

येथे एक इशारा द्यायला हवा. 'फोनमुळे डोपामिन संपते, म्हणून डोपामिनचा उपास करा' असले सल्ले हल्ली फार ऐकू येतात. डोपामिन हे काही पिंपातले पाणी नव्हे. ते हालचालींसाठीही आवश्यक आहे. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की कंपवात होतो. दोन दिवस फोन बंद ठेवल्याने त्याची टाकी भरत नाही. फोन दूर ठेवण्याची चांगली कारणे आहेत, त्यांसाठी खोट्या शरीरशास्त्राची गरज नाही.

न संपणारी पंगत

पूर्वीच्या बहुतेक गोष्टींना शेवट असे. वर्तमानपत्राचे शेवटचे पान येई. पुस्तकाचे प्रकरण संपे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, तेव्हा तर रात्रीचे कार्यक्रम संपले की पाहण्यासारखे काही उरतच नसे. शेवट आला की माणूस क्षणभर थांबतो आणि 'आता काय करावे?' असे स्वतःला विचारतो. निर्णय त्या थांब्यापाशी होतो.

फोनमधील अनेक पानांवरून हा थांबा काढून टाकलेला आहे. बोट वर सरकवीत जा, खालून नवे येतच राहते. ही युक्ती एझा रास्किन या संरचनाकाराने २००६ साली तयार केली. तिच्यामुळे लोकांचा किती वेळ जातो हे पाहून पुढे त्याने जाहीरपणे खेदही व्यक्त केला. एक चलच्चित्र संपण्यापूर्वीच दुसरे सुरू होणे हाही त्यातलाच प्रकार. लग्नाच्या पंगतीत आग्रही वाढपी असतो ना? पानावर आडवा हात धरला नाही तर तो जिलबी वाढतच जातो. 'हवी का?' असे तो विचारत नाही. 'नको' म्हणण्याचे काम तो तुमच्यावर टाकतो. फरक इतकाच की जिलबीने पोट भरते.

हे कोणी मुद्दाम का करील? अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच याचे बीज सांगून ठेवले होते. माहिती खर्च करते ती वाचणाऱ्याचे लक्ष; तेव्हा माहिती उदंड झाली की लक्षाचा दुष्काळ पडणार. दुष्काळात ज्याची टंचाई त्याची किंमत वाढते. फुकट मिळणाऱ्या बहुतेक सोयी जाहिरातींवर चालतात आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते तुमच्या नजरेसाठी. नजर जितका वेळ पडद्यावर, तितकी कमाई. यात कोणी राक्षस नाही, पण एका बाजूला तुम्ही एकटे आहात आणि दुसऱ्या बाजूला पगारी, हुशार माणसांचा मोठा ताफा आहे, हे मात्र खरे. म्हणून 'मनावर ताबा ठेवा' हा वडीलधाऱ्यांचा उपदेश मला अपुरा वाटतो. शिवाय उपदेश करताना पुष्कळदा त्यांच्याही हातात फोन असतो.

अंतराची गोष्ट

मनावर ताबा ठेवण्यापेक्षा वस्तूची जागा बदलणे सोपे असते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाचा फोन मेजावर पालथा, दुसऱ्याचा खिशात किंवा दप्तरात, तिसऱ्याचा दुसऱ्या खोलीत. सर्वांचे आवाज बंद. मग स्मरणशक्तीच्या आणि तर्काच्या चाचण्या घेतल्या. दुसऱ्या खोलीतील फोनवाल्यांना सर्वांत चांगले गुण पडले. या प्रयोगाची फार प्रसिद्धी झाली. पुढे इतरांनी तो पुन्हा केला तेव्हा मात्र काहींना असा फरक आढळला नाही. तेव्हा 'बंद फोन नुसता जवळ असला तरी बुद्धी कमी होते' असे छातीठोकपणे म्हणू नये. पण दुसऱ्या खोलीतला फोन आणायला उठावे लागते, आणि उठणे हाच तो हरवलेला थांबा आहे. यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही.

येणाऱ्या सूचनांचे काय? त्या सगळ्याच बंद कराव्यात, असे प्रथम वाटते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन आठवडे काही लोकांच्या सूचना नेहमीप्रमाणे येऊ दिल्या, काहींच्या दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा दिल्या आणि काहींच्या पूर्ण बंद केल्या. तीन वेळा एकगठ्ठा घेणाऱ्यांना लक्ष लागणे, मन शांत राहणे या बाबतीत लाभ झाला. पूर्ण बंद असलेल्यांना मात्र 'आपले काही राहून तर जात नाही ना' ही चिंता अधिक वाटली. जुन्या काळी पोस्टमन ठरल्या वेळी येई. त्याच्या मधल्या वेळात कोणी दाराकडे डोळे लावून बसत नसे, कारण तेव्हा पत्र येणारच नाही हे ठाऊक असे. अनिश्चितता गेली की कबुतरही शांत होते. तुमच्या फोनच्या व्यवस्थेत जाऊन माणसांचे फोन तेवढे वाजू द्या. बाकीच्यांचे आवाज आणि ठिपके बंद करा आणि त्यांच्यासाठी दिवसातल्या दोन-तीन वेळा ठरवा. शाळेचा अभ्यास निरोपांच्या गटावर येत असेल, तर त्यातली एक वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवा. घरात एकच फोन असेल आणि तो आईचा असेल, तर या वेळा तिच्याशी बोलूनच ठरवाव्या लागतील. त्यात एक फायदाही आहे; ठरलेली गोष्ट दोघांना ठाऊक असते.

रात्रीचा विषय थोडा निराळा आहे. आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र पाहण्याचे काम मुख्यतः करीत नाहीत, तर उजेड किती आहे ते मेंदूतील दिनरात्रीच्या घड्याळाला कळवतात. त्यांचा शोध २००२ च्या सुमारास लागला. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर, प्रकाशाला त्या सर्वांत अधिक प्रतिसाद देतात. असा प्रकाश रात्री डोळ्यांवर पडला की झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे मेलॅटोनिन उशिरा आणि कमी स्रवते. बॉस्टन येथे १२ तरुणांवर केलेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचन केल्यास, छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. २०१५ सालचा हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. पण जरा विचार करा, चार तासांच्या प्रखर पडद्याचा परिणाम दहा मिनिटे. निळ्या प्रकाशाला जितके दूषण दिले जाते तितके ते सारे त्याचे नाही. दहाला निजायचे ठरवलेला मुलगा साडेअकराला निजतो, तो बहुधा प्रकाशामुळे नव्हे, तर न संपणाऱ्या पंगतीमुळे. पडदा पिवळा करून ही पंगत उठत नाही. फोन रात्री दुसऱ्या खोलीत भारायला लावावा आणि उशाशी गजराचे साधे घड्याळ ठेवावे. सकाळी गजर बंद करण्यासाठी फोन हातात घेतला की तो अर्धा तास सुटत नाही, हे तुम्हीही अनुभवले असेल. सुरुवातीच्या प्रयोगात फोनमधले घड्याळ नको म्हटले ते याचसाठी.

जुनी सवय नुसती मोडत नाही, तिच्या जागी दुसरे काही ठरवून ठेवावे लागते. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की 'मी फोन कमी पाहीन' या संकल्पापेक्षा 'अमुक झाले तर मी तमुक करीन' अशी नेमकी योजना अधिक पार पडते. 'गणित अडले, तर मी ते वहीच्या मागच्या पानावर पुन्हा एकदा मांडीन.' 'जेवायला बसलो, तर फोन फडताळावर राहील.' वाक्य असे असावे की त्यात केव्हा आणि काय हे दोन्ही यावे. लंडनमधील एका अभ्यासात ९६ जणांनी एकेक नवी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागतील, तर कोणाला २५४, असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६ होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे जे सांगतात ते विसरून जा.

एकट्याने न जमणारी गोष्ट गावाने मिळून केली तर? सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. साथीच्या काळात शाळा बंद होत्या, धडे फोनवर येत होते. शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातचा फोन सुटेना. तेव्हा २०२२ साली गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी फोन व दूरचित्रवाणी बंद राहतील. नुसते मुलांचेच नव्हे, मोठ्यांचेही. मुले अभ्यास करू लागली. मला यात विशेष वाटते ते हे की, सर्वांचेच फोन बंद असल्यामुळे त्या दीड तासात कोणाचा निरोप येण्याची शक्यताच फार थोडी उरते. ज्याच्यासाठी आपण डोकावतो ते दुसऱ्या टोकाचे माणूसही तेव्हा अभ्यासच करत असते. तुमच्या चार मित्रांच्या टोळीत असा भोंगा ठरवणे काही अवघड नाही.

मोजून पाहा

आता मुख्य काम. माझे म्हणणे खरे मानू नका, स्वतःवर तपासा.

पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त नोंद करा. खिशात एक चिठ्ठी ठेवा. फोन हातात घेतला की एक उभी रेघ मारा. पाचवी रेघ आडवी. वाजला म्हणून घेतला असेल तर रेघेवर टिंब द्या. काही खरोखर कामाचे मिळाले असेल तर रेघेभोवती वर्तुळ करा. तीन दिवसांनी एकूण रेघा, टिंबे आणि वर्तुळे मोजा. बिनटिंबाच्या रेघा म्हणजे फोनने न बोलावता तुम्ही गेलात. एकूण रेघांना वर्तुळांनी भागा, म्हणजे तुमच्या कबुतराला किती टोच्यांमागे दाणा मिळतो ते कळेल. नुसत्या मोजण्यानेच रेघा कमी होऊ लागल्या, तर तेही लिहून ठेवा. मोजण्याने मोजलेली गोष्ट बदलते, हा विज्ञानातला जुनाच अनुभव आहे.

त्यानंतर दहा दिवसांचा प्रयोग. रोज संध्याकाळी एकच ठरलेला तास आणि एकाच प्रकारची उदाहरणे घ्या. बसण्यापूर्वी एक नाणे उडवा. छापा पडला तर फोन दुसऱ्या खोलीत. काटा पडला तर फोन मेजावर, नेहमीसारखा. तासाअखेर किती उदाहरणे बरोबर सुटली ते लिहा. नाणे कशासाठी? तुम्ही स्वतःच्या मर्जीने दिवस निवडलेत, तर ज्या दिवशी हुरूप असेल त्याच दिवशी फोन दूर ठेवाल. मग उदाहरणे जास्त सुटली ती हुरुपामुळे की फोन दूर असल्यामुळे, हे कळणार नाही. नाण्याला तुमचा हुरूप ठाऊक नसतो. नव्या औषधांची परीक्षा घेताना रोग्यांचे गट याच तत्त्वाने पाडतात.

दहा दिवसांनी छाप्याच्या दिवसांची सरासरी एकीकडे आणि काट्याच्या दिवसांची दुसरीकडे मांडा. शिवाय काट्याच्या दिवशी, फोन खाली ठेवल्यापासून सोडलेल्या ओळीवर मन पुन्हा बसेपर्यंत किती मिनिटे गेली ते एकदोनदा घड्याळावर पाहा. समजा तासात सहा वेळा दोन-दोन मिनिटे फोन पाहिला आणि परतायला दर वेळी दोन मिनिटे लागली. मग तासातली चोवीस मिनिटे गेली, जरी 'मी बारा मिनिटेच पाहिला' असे तुम्ही शपथेवर सांगाल. रोजचा एक तास गेला तर वर्षाचे ३६५ तास होतात. दिवसाचे जागेपणीचे तास सोळा धरले, तर हे जवळजवळ तेवीस दिवस झाले. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये रोजचा वापर किती झाला ते दाखवणारी सोय असते. तो आकडा पाहण्यापूर्वी आपला अंदाज कागदावर लिहा आणि मग ताडून पाहा.

शिक्षकांना एक सूचना. एका विद्यार्थ्याच्या दहा दिवसांच्या नोंदीवरून फारसे सिद्ध होत नाही, कारण एखादा ताप आलेला दिवसही सरासरी बिघडवतो. वर्गातील चाळीस जणांच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडल्या तर चारशे दिवस हाती येतात. प्रत्येकाच्या छाप्याच्या सरासरीतून काट्याची सरासरी वजा करून येणारे चाळीस आकडे एका रेषेवर टिंबांनी दाखवावेत. शून्याच्या उजवीकडे किती आणि डावीकडे किती, हे मुलांना आपोआप दिसेल. ज्यांची टिंबे डावीकडे पडतील त्यांच्या नोंदी खोडू देऊ नयेत. त्यांना फोन कोठे होता, उदाहरणे कोणती होती, हे विचारावे आणि उत्तर नोंदीशेजारीच लिहून ठेवावे. नावे मात्र फळ्यावर लिहू नयेत, नुसते क्रमांक पुरेत. शिक्षकांनी आपलीही एक चिठ्ठी त्यात क्रमांक घालून मिसळल्यास टिंबे एकेचाळीस होतील.